मधला बिल्ला कुणाचा? ठाण्यातल्या एका घरच्या तीन मेडल्सचं प्रकरण

गणपती होऊन आठवडा झाला असेल, आमच्याच बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे काका संध्याकाळी एक जुना बिस्किटांचा डबा घेऊन घरी आले. आम्ही चरईत राहतो, काका मूळचे खटाव तालुक्यातले, अख्खी नोकरी वागळे इस्टेटमधे केली, आता वय चौऱ्याहत्तर. मी जगभरची मिलिटरी मेडल्स जमवतो हे बिल्डिंगमधे सगळ्यांना माहितीये, पण स्वतःच्या घरातलं मेडल आणून कोणी दाखवलं असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे चहा तसाच ठेवून मी डबा उघडला. आत मलमलच्या फडक्यात तीन बिल्ले. काका त्यांना बिल्लेच म्हणतात, त्यांच्या गावात सगळेच म्हणतात, "आजोबांचे जर्मन लढाईतले बिल्ले," म्हणजे पहिल्या महायुद्धातले.

काकांचं काम साधं होतं. मुलाने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलाय, दसऱ्याला गृहप्रवेश, तिथे हॉलमधे हे बिल्ले फ्रेम करून लावायचे. फक्त मधल्या चांदीच्या बिल्ल्यावर "नाव दुसरंच आहे", तर ते जांभळी नाक्याच्या एका सराफाकडून कानशीने घासून तिथे आजोबांचं नाव कोरून घ्यायचं. सराफ तयार होता, मजुरीपण ठरली होती, माझ्याकडून एवढंच हवं होतं की इंग्रजी अक्षरं कशी पाहिजेत ते मी कागदावर नीट काढून द्यावं.

मी ते काढून दिलं नाही. काका थोडे नाराज झाले, साहजिक आहे, पण मी म्हटलं काका मला आठ दिवस द्या, मग तुम्ही म्हणाल तसं करू.

डब्यात काय होतं ते आधी सांगतो. पहिला, पितळी दिसणारा तारा, फुलीसारख्या दोन तलवारी, वर मुकुट आणि मधल्या पट्टीवर १९१४-१५. हा १९१४-१५ स्टार. दुसरं चांदीचं गोल ब्रिटिश वॉर मेडल, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस, घोड्याच्या पायाखाली गरुडाची ढाल आणि कवटी. तिसरं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल, त्यावर पंख पसरलेली विजयदेवता आणि इंद्रधनुष्यासारखी फीत. इंग्लंडात या तिघांना एका पेपरातल्या चित्रमालिकेतल्या पात्रांवरून पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड म्हणायचे, तिकडचे कलेक्टर अजूनही म्हणतात. संख्येने बघितलं तर यात दुर्मिळ काही नाही, चांदीची वॉर मेडल्स साधारण ६५ लाख निघाली होती. ब्राँझची वेगळी निघाली, जवळपास १ लाख १० हजार, ती मुख्यतः लेबर कोअरचे मजूर, खेचरवाले, पाणके अशा लोकांना, आणि त्यात आपल्याकडची माणसं खूप होती.

माझा स्वतःचा नाद व्हिक्टरी मेडलचा आहे. फीत सगळ्या दोस्त राष्ट्रांची एकच ठरली पण चित्र प्रत्येक देशाने आपापलं काढलं, फ्रान्सची देवता वेगळी, इटलीची वेगळी, जपानने पंखवाली बाई न घेता आपला योद्धा देव घेतला, दक्षिण आफ्रिकेच्या मेडलवर मजकूर इंग्रजी आणि डच दोन्हीत आहे. सयाम (आजचं थायलंड) आणि ब्राझीलचं मिळणं फार कठीण. माझ्याकडे सात देशांची आहेत. आता फ्रान्स-बेल्जियमची मेडल्स कोरी दिली जायची, हातात घेतलं तरी ते कुणाचं होतं ते कधीच कळणार नाही. ब्रिटिशांनी मात्र पहिल्या महायुद्धात प्रत्येक मेडलवर ज्याचं त्याचं नाव ठोकलं, स्टारच्या पाठीवर आणि गोल मेडलच्या कडेवर. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना बहुतेक कोरी मेडल्स मिळाली आणि आपल्या हिंदी सैनिकांना नाव घातलेली. म्हणून या धंद्यातले लोक मेडल हातात आलं की राजाचं तोंड बघत नाहीत, आधी कड बघतात. ती जाडीच्या तीन-चार मिलिमीटरमधली एक ओळ, सगळं मेडल त्यात आहे असं मी मानतो, आणि काकांना नेमकी तीच ओळ घासायची होती.

त्या रात्री टेबललॅम्प खाली घेऊन बसलो. स्टारच्या पाठीवरची अक्षरं जवळजवळ गेलेली होती, कारण पन्नास-साठ वर्षं काकांची आजी आणि नंतर आई दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून हे बिल्ले लखलखीत करायच्या. खंडेनवमीला घरातला विळा, कोयता, कुऱ्हाड आणि त्यांच्या शेजारी हे बिल्ले, सगळ्यांना हळदकुंकू. तर झालं काय, राखेने अक्षरं झिजली पण अक्षरांच्या खाचेत कुंकू बसून राहिलं. भिंगातून बघितलं तर पितळेवर बारीक लालसर ओळी, नंबरचे आकडे, शिपाई हा हुद्दा, आजोबांचं नाव (घरच्यांनी नाव लिहू नका म्हटलंय म्हणून लिहीत नाही) आणि खाली ११० मराठाज. व्हिक्टरी मेडलच्या कडेवरही तेच, नंबर तोच. म्हणजे हे दोन बिल्ले एकाच माणसाचे, पक्के.

घरात गोष्ट अशी होती की आजोबा फ्रान्सला लढले. काकांच्या वडिलांनीच तसं सांगितलेलं. पण आजी म्हणायची की ते "तुरकाच्या कैदेत" होते, दोन अडीच वर्षं पत्र नाही की पैसा नाही, गावाने दिवस घालायची पण तयारी केली होती. काकांना वाटायचं आजीचा काहीतरी गोंधळ होतोय. आता ११० वी मराठा लाइट इन्फंट्री ही सहाव्या पूना डिव्हिजनमधली पलटण, फ्रान्सला गेलीच नाही, गेली मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमधे. बगदादजवळच्या टेसिफॉनपर्यंत पोचून मागे फिरली आणि जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर कुत-अल-अमारा गावात अडकली. १४७ दिवसांचा वेढा, शेवटी शेवटी घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली, आपल्या पोरांनी कितीतरी दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती. त्यातल्या हिंदी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेऊन आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला लावलं.

इथे मी स्वतःला थांबवलं, कारण कलेक्टर लोक नेमके इथे घाई करतात. पलटण कुतमधे होती म्हणजे हा शिपाई होताच असं होत नाही, जखमी होऊन आधीच बसऱ्याला किंवा मुंबईला परत आलेला असू शकतो. हा स्टार फक्त एवढं सांगतो की १९१५ संपायच्या आत माणूस रणांगणावर पोचला होता. पण स्टार, पलटण आणि आजीचं बोलणं तिन्ही एकत्र ठेवलं तर आजी खरं सांगत होती असं मला वाटतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आई पण तिला म्हणायची, तुम्हाला काय कळतंय."

आता मधला बिल्ला. हा खरंतर काकांनीच आणलेला. आजोबांचं मूळ चांदीचं मेडल १९७२ च्या दुष्काळात गेलं, वडूजच्या बाजारात सराफाला वजनावर दिलं, एक औंसाच्या आसपास चांदी, ज्वारी आणली. त्या वर्षी खटाव-माणमधे ज्याच्या घरात जे होतं ते विकलं गेलं, त्यात कुणाला नावं ठेवायचं काही कारण नाही. तारा आणि ब्राँझचं मेडल उरलं कारण त्याला सराफाने हात लावला नाही. वॉर मेडलं सगळीकडे अशीच वितळली, १९७९-८० मधे चांदी भडकली तेव्हा तर इंग्लंडातसुद्धा ढिगाने भट्टीत गेली, म्हणून बाजारात कितीतरी जोड्या अशा दिसतात ज्यात नेमकं चांदीचंच नाही. कलेक्टर त्याला ब्रोकन ग्रुप म्हणतात.

मग १९९६ मधे काका चोरबाजारात गेले होते, कारखान्यातल्या मित्राबरोबर सहज, तिथे मटण स्ट्रीटला एका टोपलीत हुबेहूब तसंच मेडल दिसलं. साडेतीनशे रुपयांना घेतलं. वडील तेव्हा आजारी होते, त्यांच्या हातात नेऊन ठेवलं आणि म्हणाले, आबा, बघा बिल्ला परत आला. वडिलांनी ते डोक्याला लावलं. हे सांगताना काकांचा आवाज बदलला आणि मला तेव्हा कळलं की त्यांना त्या कडेवर आजोबांचं नाव का हवंय. फ्रेम सुंदर दिसावी एवढ्यासाठी ते नव्हतं.

पण कडेवर नाव होतं ते असं, नंबर, मग रायफलमन, मग नाव आणि पुढे २-३९ गढवाल रायफल्स, म्हणजे ३९ व्या गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन.

मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं कॅलिपर, लावला. वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. कड घासून नाव बदललेलं असेल तर व्यास कमी भरतो, अर्धा मिलिमीटर गेला तरी व्हर्नियर लगेच सांगतो, आणि फिरवत फिरवत चार-पाच ठिकाणी मोजलं तर एका भागात कमी आणि एका भागात जास्त असं येतं. शिवाय मूळ अक्षरं ठशाने दाबलेली असतात, त्यांच्या काठाला धातू किंचित वर आलेला लागतो, सराफाने कोरलेलं अक्षर वेगळं, त्यात छिन्नीचा चर दिसतो. हे मेडल सगळीकडून छत्तीस भरलं, अक्षरं दाबलेली, कड अजिबात शिवलेली नाही. म्हणजे शंभर टक्के अस्सल, फक्त दुसऱ्या माणसाचं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत युद्धात मेलेल्यांची नावं शोधता येतात. आजोबा परत आले होते म्हणून तिथे नव्हतेच, या रायफलमनसाठी मी सहज नाव टाकलं. गढवाली नावं सारखीसारखी असतात, एका पलटणीत त्याच नावाचे पाच-सहा जण सापडतात, म्हणून नाव जुळलं तर काहीच समजायचं नाही, नंबर आणि बटालियन दोन्ही जुळायला लागतं. जुळलं. मार्च १९१५, फ्रान्स, नव्ह शापेलची लढाई. खाली वडिलांचं नाव आणि गाव, पट्टी (तिकडे गावांच्या गटाला म्हणतात), जिल्हा गढवाल, सगळं कुणा कारकुनाच्या इंग्रजी स्पेलिंगमधे.

नव्ह शापेलच्या हल्ल्यात १० मार्चला याच २-३९ बटालियनच्या गबर सिंह नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या गावात १९२७ मधे हिंदी सैनिकांचं स्मारक उभं राहिलं, त्यावर ४७०० च्या वर नावं कोरलेली आहेत, आपला रायफलमन त्यातलाच एक. आणि बसऱ्याच्या स्मारकावर, जिथे कुत आणि टेसिफॉनचे मेलेले मोजले गेले, तिथे मूळ भिंतींवर हिंदी शिपायांची नावं नव्हतीच, अधिकाऱ्यांची नावं आणि बाकीच्यांचा पलटणीप्रमाणे आकडा. २०२१ मधे कमिशनने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की आफ्रिका-आशियातल्या निदान १ लाख १६ हजार माणसांची नोंद नावाने झालीच नाही. आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर इंग्रजांनी बसवलेली ती संगमरवरी पाटी बघितली असेल, या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, तिथे पण फक्त आकडा. काकांच्या गावातही एक आहे, लहानपणी ते त्या पाटीखाली गोट्या खेळायचे.

म्हणून मला त्या कानशीची भीती वाटत होती. अशा कितीतरी शिपायांचं नाव ना कुठल्या स्मारकावर कोरलेलं, ना गावच्या पाटीवर, ते फक्त या कडेवर आहे, आणि ती कड घासली की माणूस गेला.

आठ दिवसांनी काका-काकू दोघं आले. मी सगळं टेबलावर मांडलं, स्मारकाच्या भिंतीचा फोटो दाखवला, नोंद वाचून दाखवली. काकांनी मधला बिल्ला हातात घेतला, कडेवर बोट फिरवलं. त्याच्यावरही कुंकू होतं, थोडं ताजं, १९९६ पासूनच्या दसऱ्यांचं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही दुसऱ्याच्याच माणसाला हळदकुंकू वाहिलं?"

काकू म्हणाल्या, "त्याच्या घरी कुणी वाहिलं असतं का? आपण वाहिलं. बरंच झालं की."

मग काय करायचं यावर दीड तास गेला. नाव घासायचं नाही हे काकांनी स्वतःच सांगितलं, मला बोलावं लागलं नाही. मुलाचं म्हणणं की आहे तसंच तिन्ही फ्रेममधे लावू, काचेतून कड कुणाला दिसतेय. दिसत नाही हे खरं, पण वीस वर्षांनी नातू ती फ्रेम उघडेल तेव्हा त्याला तिन्ही बिल्ले एकाच माणसाचे वाटतील आणि कड वाचली तर काय खरं काय खोटं काहीच लागणार नाही, मग तो पहिल्या दोन बिल्ल्यांवरही विश्वास ठेवणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे नक्कल आणून लावायची. मिळतात, पण मग पाठीवर नक्कल असं स्पष्ट छापलेलीच घ्यायची, हे मी बजावून सांगितलं.

याच आठवड्यात मी गढवालच्या मेडलचा फोटो ओळखीच्या एका कलेक्टरला पाठवला होता, त्याने पुढे कुणाला पाठवला, तर परदेशातून विचारणा आली, नव्ह शापेलचा मेलेला माणूस म्हणून रक्कम चांगली होती. मी काकांपासून लपवलं नाही. पण दोन गोष्टी पण सांगायच्या होत्या, एक म्हणजे ही मेडल्स द्यायला १९१९ नंतर सुरुवात झाली, आता शंभरी उलटलीय, आणि १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाच देशाबाहेर धाडता येत नाही. पाकिटात घालून कुरियर केलं आणि झालं, असं नाही. बरेच नवे कलेक्टर इथे फसतात, पहिल्या महायुद्धाची वस्तू म्हणजे काही फार जुनी नाही असं धरून चालतात. दुसरी गोष्ट सांगायच्या आधीच काका म्हणाले, "विकायचा नाही. एकदा वजनावर गेलाय आमच्याकडून."

शेवटी फ्रेम अशी झाली. डावीकडे तारा, उजवीकडे व्हिक्टरी मेडल, आणि मधे वॉर मेडलची फक्त फीत, मधोमध पिवळसर केशरी, दोन्हीकडे पांढरी मग काळी मग निळी, खाली रिकामी जागा मेडलच्या आकाराची. त्या जागेखाली काकांच्या अक्षरात एक चिठ्ठी, "हे पदक १९७२ च्या दुष्काळात मोडले." फ्रेमवाल्याला आम्ही आठ वेळा समजावलं की मधे जागा चुकून राहिलेली नाही. आधी काकांनी स्टार शेवटी लावला होता, तो पहिला घ्यायला सांगितला, क्रम असतो तो, स्टार, वॉर, व्हिक्टरी. पाठीवरच्या नावाचा फोटो काढून फ्रेमच्या मागे चिकटवला, आणि बिल्ल्यांना आता चिंच-राख लावायची नाही हे काकूंनी मान्य केलं, ब्रासोपण नाही, नुसतं कोरडं मऊ फडकं. कुंकू लावायचं पण पुढच्या बाजूला, टिकलीएवढं. आजोबांचा नंबर मी माझ्या वहीत लिहून ठेवलाय आणि चार-पाच डीलरना दिलाय, सराफाने तेव्हा ते वितळवलं नसेल आणि तसंच पुढे विकलं असेल तर कधीतरी कुठल्या टोपलीत निघेल. अशी जुळलेली मी ऐकलीयेत.

राहिला गढवालचा बिल्ला. नेरूळला माझ्या ओळखीचे एक रिटायर्ड सुभेदार साहेब आहेत, गढवाल रायफल्सचेच. एका रविवारी काकांना घेऊन ट्रान्स हार्बरने नेरूळला गेलो. सुभेदार साहेबांनी ते वेडंवाकडं स्पेलिंग दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने गढवाली उच्चारात वाचलं आणि म्हणाले ही पट्टी पौडीकडची, माझ्या मामाच्या गावाच्या पलीकडचा डोंगर. तिथल्या तिथे त्यांनी दोन फोन केले, संध्याकाळपर्यंत ग्रामप्रधानाचा नंबर मिळाला. त्या गावात त्या वडिलांच्या नावाची दोन घरं निघतायत, दोन्ही सांगतात की आमचा एक जण फ्रान्समधे राहिला. शिवाय त्याचे बाकीचे दोन बिल्ले कुणाच्या घरात आहेत का ते बघायला सांगितलंय, तो पहिल्या तुकडीबरोबर २२ नोव्हेंबर १९१४ च्या आत फ्रान्सला पोचला असेल तर त्याचा स्टार १९१४ चा असणार, १९१४-१५ चा नाही, आणि नंबर जुळला की घर ठरलं. दोन्हीकडे काहीच निघालं नाही तर लॅन्सडाउनला गढवाल रायफल्सचं जे रेजिमेंटल सेंटर आहे त्याच्या संग्रहालयाला द्यायचा असं काकांनी ठरवलंय.

तोवर बिल्ला काकांकडेच आहे, वेगळ्या डबीत, वर कागदावर नंबर लिहून. दसऱ्याला नव्या फ्लॅटमधे फ्रेमसमोर त्याचीही डबी उघडून ठेवली होती.

मागच्या आठवड्यात प्रधानाने कडेचा नीट फोटो मागितला, दोन्ही घरांना दाखवायला. काकांनी मला बोलावलं, लॅम्प लावला, मोबाईल धरला आणि मग थांबून सुभेदार साहेबांना फोन लावला, अक्षरांत आमचं कुंकू बसलंय, फोटोआधी काढून टाकू का.

ते म्हणाले, राहू दे, त्यामुळेच नाव वाचता येतंय.